पेज कुणाच्या नावावर?

घरात विजेचं काम करायचं तर वायरमनकडे परवाना असावा लागतो. वकिलाला सनद लागते, औषधाच्या दुकानात नोंदणी झालेला फार्मासिस्ट लागतो, कीटकनाशकाची बाटली विकायची तर कृषी खात्याचा परवाना काढावा लागतो. मी ज्या कामावर पोट भरते त्या कामाला यातलं काहीच लागत नाही. कार्डावर ‘सोशल मीडिया एक्स्पर्ट’ छापून घेतलं, प्रोफाइलवर ‘ग्रोथ कोच’ लिहिलं की माणूस तज्ज्ञ होतो. त्याची परीक्षा कुणी घेत नाही, कामाची तपासणी होत नाही, आणि कुणाचं नुकसान झालं तर दाद मागायला वकिलांसारखी परिषद नाही. या गोष्टीचा मला राग येतो. तो का येतो, हे एका बागायतदाराच्या निमित्ताने सांगायचं आहे.

मी रत्नागिरीत राहते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लहान व्यावसायिकांची फेसबुक-इन्स्टाग्रामची पानं, व्हॉट्सअ‍ॅपवरची विक्री असं सगळं सांभाळते. आंबा-काजूचे बागायतदार आहेत, दोन-तीन खोल्यांचे होमस्टे आहेत, फणसपोळी आणि कोकम आगळ करणारे महिला बचतगट आहेत. त्याआधी मी एका दैनिकात उपसंपादक होते. पेपरचं फेसबुक पेज सांभाळायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा ते कुणालाच नको होतं, म्हणून आलं.

तिथं पहिल्यांदा तज्ज्ञ म्हणवणारी माणसं जवळून पाहिली. जानेवारी 2018 मध्ये मार्क झुकरबर्गने जाहीर केलं की यापुढे फेसबुक मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या पोस्ट आधी दाखवणार, पेजच्या पोस्ट मागे पडणार. आमच्या बातम्या त्यानंतर लोकांना दिसेनाशा झाल्या. लाइक करणारे वाचक तेवढेच होते, पण पोस्ट त्यांच्यापर्यंत जातच नव्हती. व्यवस्थापनाने एकामागून एक सल्लागार बोलावले. एक म्हणाला, फोटो मोठे टाका. दुसरा म्हणाला, फोटो टाकूच नका, फक्त व्हिडिओ टाका. तिसऱ्याने वेळेचा तक्ता दिला आणि संध्याकाळी साडेसातलाच पोस्ट टाकायची असं बजावलं. मूळ कारण फेसबुकने स्वतःच जगाला सांगितलेलं होतं, ते त्यांच्यापैकी एकानेही सांगितलं नाही. ही घसरण काही त्या महिन्यातली नव्हतीच. पेजची पोस्ट सरासरी 16 टक्के चाहत्यांपर्यंतच पोचते, हे फेसबुकने 2012 मध्येच सांगून ठेवलं होतं.

‘फक्त व्हिडिओ’ या सल्ल्यामागची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. सप्टेंबर 2016 मध्ये फेसबुकने मान्य केलं की, लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहतात याचा त्यांनी दिलेला आकडा सुमारे दोन वर्षं फुगलेला होता. तीन सेकंदांच्या आत ज्यांनी व्हिडिओ सोडून दिला, त्यांना सरासरीत धरलंच नव्हतं. जगभरच्या मोठमोठ्या कंपन्यांनी त्या आकड्यांवर पैसा लावला होता. घरचा मालकच मोजण्यात चुकत असेल, तर बाहेरच्याने ‘मला अल्गोरिदम कळलाय’ असं छातीठोक सांगणं कसं खरं मानायचं? या कंपन्यांचं आतलं गणित बंद आहे आणि ते सतत बदलतं. बाहेरच्या माणसाच्या हातात एवढंच आहे की एका ठरावीक पानावर, एका ठरावीक गिऱ्हाइकासाठी, नोंदी ठेवत काम करायचं आणि दिसेल ते प्रामाणिकपणे सांगायचं. मी हे ज्ञान कमी मानत नाही. पण ते कामातूनच येतं आणि त्या कामापुरतंच असतं.

कोकणात या तज्ज्ञांचं पेव फुटलं ते 2020 नंतर. त्या वर्षी ऐन हंगामात टाळेबंदी लागली. वाशीचा बाजार कधी चालू, कधी बंद, गाड्या मिळेनात. आंबा तर थांबत नाही. तेव्हा बागायतदारांनी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांशी थेट संपर्क केला, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेतल्या आणि टेम्पो भरून पेट्या पोचवल्या. दलालाकडून येईल ती पट्टी मुकाट्याने घेणाऱ्या माणसाला पहिल्यांदा कळलं की आपल्या डझनाचा भाव आपण ठरवू शकतो. ही फार मोठी गोष्ट होती. गावोगावी स्वस्त डेटा पोचलेला होता, हातात फोन होता आणि आता कारणही मिळालं होतं. याच लोकांना गाठायला शहरातले कोच आले.

हॉटेलच्या हॉलमध्ये एक दिवसाची कार्यशाळा असते. चहा, वडापाव, एक फाइल, एक पेन. पडद्यावर एका मुलाचा फोटो येतो, शेजारी आलिशान गाडी. ‘तीस दिवसांत एक लाख फॉलोअर्स’, ‘घरबसल्या पेट्या विका’, ‘अल्गोरिदमची गुरुकिल्ली’. दुपारनंतर खरं दुकान उघडतं: आजच नाव नोंदवलं तर वर्षाचं पॅकेज निम्म्या किमतीत. समोर बसलेल्यांत मोहोराच्या वेळी फवारणीसाठी कर्ज काढलेली माणसं असतात. तुडतुड्याला आणि थ्रिप्सला कोणतं औषध द्यायचं ते दहा ठिकाणी विचारून, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं वेळापत्रक पाहून मग खर्च करणारा हा माणूस. इथं मात्र समोरच्याने काय केलंय, कुणासाठी केलंय, हे विचारायला त्याला संकोच वाटतो. इंग्रजी शब्दांचा मारा झाला की त्याला वाटतं, कमी आपल्यातच आहे. हा संकोच मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे, आणि या धंद्याचं खरं भांडवल तोच आहे.

देवगड तालुक्यातले एक काका त्यातलेच. तिसऱ्या पिढीची बाग. वर्षाचं पॅकेज घेऊन त्यांनी शहरातल्या एका एजन्सीकडे सगळं सोपवलं होतं. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस त्यांच्या मुलाचा मला फोन आला: फॉलोअर्स चाळीस हजारांवर गेलेत, पण ऑर्डरी आधीपेक्षा कमी आहेत, एकदा येऊन बघाल का?

गेले. खळ्यात माच्यावर बसून मुलाच्या फोनवर पेज उघडलं. मी फॉलोअर्सचा आकडा पाहत नाही, आधी ते कुठले आहेत ते पाहते. पेजच्या इनसाइट्समध्ये शहरांची यादी असते. देवगड हापूस विकणाऱ्याच्या यादीत वर मुंबई, पुणं, ठाणं, डोंबिवली हवं. इथं ढाका होतं, लाहोर होतं, कैरो होतं. पुणं बरंच खाली. काकांनी चष्मा लावून एकेक नाव वाचलं आणि विचारलं, “हंय खय आमचो आंबो जाता?” जात नव्हताच. हे विकत घेतलेले फॉलोअर्स होते. त्यातले बरेचसे माणसंही नसतात. यंत्राने चालवलेली खाती असतात, हजाराच्या हिशेबाने विकली जातात. 2020 मध्येच मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने अशी खाती आणि लाइक्स विकणाऱ्या टोळीचा तपास केला होता, तेव्हा वर्तमानपत्रांतून हा बाजार लोकांसमोर आला. अमेरिकेत तर याच व्यवसायातल्या एका कंपनीवर तिथल्या व्यापार आयोगाने 2019 मध्ये कारवाई केली.

खोट्या फॉलोअर्सनी नुसता आकडा फुगतो आणि बाकी काही बिघडत नाही, असं अनेकांना वाटतं. बिघडतं, आणि बरंच बिघडतं. नवी पोस्ट टाकली की ती आधी थोड्या लोकांना दाखवली जाते. ते थांबले, बोलले, तर पुढे जाते. त्या थोड्यांत जर ढाक्यातली मेलेली खाती भरलेली असतील तर कोथरूडच्या खऱ्या गिऱ्हाइकापर्यंत पोस्ट पोचायची वाटच अडते. काकांनी पैसे मोजून आपल्याच दारात गर्दी उभी केली होती आणि त्या गर्दीमुळे ओळखीचा माणूस आत येऊ शकत नव्हता.

मग कमेंट्स पाहिल्या. एप्रिलच्या मधल्या एका पोस्टखाली डोंबिवलीच्या एका बाईंनी कापलेल्या आंब्याचा फोटो टाकला होता. वरून केशरी, निर्दोष साल. आत कोयीजवळ पांढरट, भेगाळलेला गर. साका. ज्याने हापूस विकला त्याला साका चुकलेला नाही. बाहेरून तो कुणालाच दिसत नाही, आंबा कापल्यावरच कळतो. कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसचा संकर करून ‘रत्ना’ ही जात काढली, तिचं कौतुक होतं ते तिच्यात साका नसतो म्हणूनच. बाईंनी अगदी साधं लिहिलं होतं: पेटीत पाच आंबे असे निघाले, कळवावं. ती कमेंट एजन्सीने लपवून ठेवली होती. फेसबुकवर लपवलेली कमेंट इतरांना दिसत नाही, पण लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रमंडळींना दिसत राहते. म्हणजे आपलं म्हणणं गाळलं गेलंय हे त्या बाईंना कळायला मार्गच नव्हता. त्यांना एवढंच दिसत होतं की आपण लिहिलं आणि बागायतदाराने साधं उत्तरही दिलं नाही.

काकांनी नाव वाचलं आणि घरात जाऊन एक वही घेऊन आले. लांबट, कापडी बांधणीची, पूर्वी दुकानांत असायची तशी. त्या वहीत गिऱ्हाइकांची नावं आहेत: सोसायटी, मजला, कुणाला कच्चा लागतो, कुणाला तयार, कुणाच्या घरी अक्षय तृतीयेच्या आत पेटी पोचलीच पाहिजे. त्या बाईंचं नाव त्यात होतं. त्यांच्या सासऱ्यांच्या काळापासून पेटी जात होती. आधीच्या एका वर्षाच्या नोंदीपुढे लिहिलं होतं, ‘साका – 4 नग बदलून दिले’. काकांनी तिथंच बसून फोन लावला. बाई आधी तुटकपणे बोलल्या. मग म्हणाल्या, “आम्हाला वाटलं, तुम्ही आता मोठे झालात.” काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

मला या सगळ्या प्रकारातलं सर्वांत मोठं नुकसान इथं दिसतं. पॅकेजचे पैसे गेले ते गेलेच. पण गिऱ्हाइकाशी कसं वागायचं, हे जे काकांना आयुष्यभर उत्तम येत होतं, तेच त्यांच्या हातून काढून घेऊन ज्याला येत नव्हतं त्याच्याकडे दिलं गेलं. एजन्सीतल्या ज्या मुलाने कमेंट लपवली त्याने कदाचित साका हा शब्दही ऐकला नसेल. त्याला पेजचं रेटिंग सांभाळायला सांगितलेलं होतं. सोशल मीडियाच्या कामात निम्म्याहून जास्त काम हे उत्तरं देण्याचं असतं. पेटी कधी निघाली, कोणत्या ट्रॅव्हल्सने निघाली, आंबा अजून हिरवा आहे तर गवतात किती दिवस ठेवायचा, फ्रिजमध्ये ठेवू का. ही उत्तरं बागेतला माणूसच देऊ शकतो. मी त्यासाठी वाट मोकळी करून देऊ शकते, त्याच्या जागी उभी राहू शकत नाही.

त्याच पेजवर आणखी एक गोष्ट सापडली. ‘मधुमेहींनीही बिनधास्त खावा असा हापूस’ अशी जाहिरात पैसे भरून चालवलेली होती, काकांच्या नावाने आणि बागेच्या फोटोसकट. काकांना त्याचा पत्ताच नव्हता. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि जबाबदारी ज्याचा माल त्याच्यावर येते. जाहिरात उद्योगाच्या एएससीआय या संस्थेने 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम आणले, 2023 मध्ये आरोग्य आणि पैशाविषयी सल्ला देणाऱ्यांना शिक्षण किंवा नोंदणी सांगणं आवश्यक केलं. चांगलंच झालं. शेअरच्या टिपा देणाऱ्यांच्या बाबतीत सेबीनेही पावलं उचलली. पण पडद्यामागे बसून दुसऱ्याच्या नावावर दावे करणाऱ्या सल्लागाराला विचारणारं अजून कुणी नाही.

आम्ही ती जाहिरात थांबवायला गेलो तर थांबवता येईना. तेव्हा खरी मेख कळली. पेज एजन्सीने स्वतःच्या बिझनेस अकाउंटमध्ये उघडलं होतं. मुलाला दिलेला प्रवेश मर्यादित होता: बघता येत होतं, उत्तरं देता येत होती, पण जाहिरातीचं खातं, पैसे भरायचं कार्ड आणि माणसं घ्यायचा-काढायचा अधिकार, म्हणजे फेसबुक ज्याला पूर्ण नियंत्रण म्हणतं ते, एजन्सीकडे. फोन केला. पलीकडच्याने सांगितलं, पेज आमची मालमत्ता आहे. सोडायचं तर उरलेल्या वर्षाचे पैसे भरा, मग बघू. काका फोनवर एवढंच म्हणाले, “आंबो माजो, गिऱ्हाइका माजी, आणि पेज तुमच्या नावार?” दुसऱ्या दिवशी मुलाचा प्रवेशही काढून टाकला होता.

जमिनीचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर करायला कोकणातला माणूस मरेपर्यंत तयार होत नाही, भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात. तोच माणूस पेज कुणाच्या नावावर निघतंय हे विचारत नाही, कारण ते विचारायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आता कोणत्याही नव्या माणसाकडे गेले की माझं पहिलं काम ठरलेलं असतं. पेज त्याच्या स्वतःच्या फोनवरून, त्याच्या नावावर उघडायचं, पूर्ण नियंत्रण त्याच्याकडे आणि घरातल्या आणखी एका माणसाकडे ठेवायचं, जाहिरातीचं कार्ड त्याचं. मला कामापुरता प्रवेश द्यायचा आणि तो कसा काढून घ्यायचा हे त्याच वेळी त्याच्या हातून करवून घ्यायचं. जो सल्लागार एवढं करायला का-कू करतो त्याला दारातूनच परत पाठवा, असं मी सगळ्यांना सांगते. माझ्याच क्षेत्रातले काही जण यावर नाराज आहेत. त्याची मला पर्वा नाही.

पुढच्या हंगामाआधी आम्ही नव्याने सुरुवात केली, ती पेजपासून नव्हे, वहीपासून. मुलाने आणि मी वहीतली नावं व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये भरली, शहराप्रमाणे लेबलं लावली. ब्रॉडकास्टची यादी केली की एका यादीत 256 जण बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये ठेवलाय त्यालाच मेसेज पोचतो. कार्यशाळांत ही अडचण म्हणून सांगतात. मला ती फार मोलाची वाटते. कुणाला मेसेज पोचला ते पाहिलं की आपलं नाव कुणी जपून ठेवलंय ते कळतं. काकांच्या बाबतीत वहीतल्या बहुतेकांनी नंबर ठेवलेला होता, आणि हे पाहताना त्यांचा चेहरा उजळला होता.

मग मुलाने रोज बागेतून एक छोटा व्हिडिओ करायचा असं ठरलं. संगीत नाही, मथळे नाहीत. झेल्याने आंबा उतरवताना देठ कसा राखतात, चीक अंगावर येऊ नये म्हणून फळ कसं धरतात, गवताची आढी कशी लावतात आणि कोणत्या दिवशी पालटतात. एका व्हिडिओत काका स्वतः साक्याबद्दल बोलले. आंबा कापून दाखवला, म्हणाले, हा असा निघतो, आम्हालाही कापल्याशिवाय समजत नाही, तुमच्याकडे निघाला तर फोटो पाठवा, बदलून देऊ. मुलगा धास्तावला होता, आपल्याच मालाचा दोष आपणच कसा दाखवायचा? तो व्हिडिओ कुठे गाजला नाही. पण गिऱ्हाइकांनी तो आपापल्या सोसायटीच्या ग्रुपवर पाठवला, आणि त्या हंगामात नवी माणसं जोडली गेली ती बहुतेक त्यातूनच. डोंबिवलीच्या बाईंनी त्यांच्या मजल्यावरच्या सगळ्यांची एकत्र ऑर्डर दिली.

याच धाग्यावरून आठवलं. 29 जून 2020 ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. गावागावांतल्या मुलामुलींनी नाच, शेती, विनोद यांवर मेहनतीने जमवलेले लाखो प्रेक्षक एका रात्रीत गेले. जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले आणि महिनाभरापूर्वी टिकटॉक शिकवणारे लगेच रील्स शिकवू लागले. त्या मुलांपैकी मला माहीत असलेल्या एकीने बचतगटाचं लोणचं टिकटॉकवरून विकलं होतं. तिने प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर लिहून ठेवला होता. ती तरली.

कॉलेजातली मुलं माझ्याकडे काम शिकायला येतात, ‘कोर्स आहे का’ विचारतात. मी त्यांना मार्च ते मे एखाद्या बागायतदाराचा इनबॉक्स सांभाळायला बसवते. आधी बागेत जायचं, पेटी भरायला शिकायचं, फळाच्या वजनावरून प्रत लावायला शिकायचं, मग उत्तरं द्यायची. काही आठवड्याभरात जातात. जी टिकतात त्यांच्याकडे मी डोळे झाकून कुणाचंही काम सोपवते. त्यातली एक मुलगी आता मालवणच्या होमस्टेंचं काम बघते आणि ती अजून स्वतःला तज्ज्ञ म्हणवत नाही. विचारलं तर म्हणते, “बघून सांगते.” मला या दोन शब्दांबद्दल फार आदर आहे. ती खरोखरच बघते, आणि सांगते.

काकांचं जुनं पेज अजून फेसबुकवर आहे. त्यावर काकांचा आणि बागेचा फोटो आहे, एजन्सीचा फोन नंबर आहे. हंगाम आला की लोक तिथं पेटीचा भाव विचारतात आणि त्यांना कुठला आंबा जातो, जातो की नाही, आम्हाला ठाऊक नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. काकांनी त्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घेतली आहे, त्याचं प्रमाणपत्र हातात आहे. ते प्रमाणपत्र, बागेचा सातबारा, जुन्या पावत्या आणि लपवलेल्या कमेंटचे मुलाने तेव्हा काढून ठेवलेले स्क्रीनशॉट असं सगळं जोडून आम्ही फेसबुककडे तक्रार केली. ठरावीक साच्याचं उत्तर आलं, पेज तसंच राहिलं. आता सायबर पोलिसांकडे अर्ज द्यायचा आहे. मसुदा माझ्या टेबलावर आहे, काकांनी त्यात स्वतःच्या हाताने एक वाक्य वाढवलं आहे: पेज परत नाही मिळालं तरी चालेल, पण त्यावरचा माझा फोटो काढा.